१८५३ची गाडी १८५४च्या पुलावर कशी चढली?

चरईचा_चष्मा | रविवार, रात्री १०:१७

काल एकच पोस्ट तीन ग्रुपांवरून माझ्या अंगावर येऊन आदळली. सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा आणि मावसभावांचा. 'ठाणे: तेव्हा आणि आता'. पहिलंच चित्र असं: पाण्यावर दगडी कमानींचा पूल आणि त्यावरून धूर सोडत चाललेली आगगाडी. खाली ठळक अक्षरांत, '१६ एप्रिल १८५३. देशातली पहिली रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडताना. दुर्मीळ फोटो!' आणि शेवटी लेखकाचा शेरा: 'इतिहासकार काय वाटेल ते लिहितात. फोटो खोटं बोलत नाही.'

लिहिणार नव्हतो. पण बॅचच्या ग्रुपवर सत्तेचाळीस जणांनी हात जोडल्यावर राहवलं नाही.

अहो, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून गाडी निघाली, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, सगळं शाळेत घोकलंय आपण. ती ठाण्याला आली. आणि थांबली! ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला १ मे १८५४ला. मग पहिली गाडी त्या दिवशी ठाण्याची खाडी कशाला ओलांडेल? पाहुण्यांना मुंब्र्याला देवीच्या दर्शनाला न्यायचं होतं का?

दुसरं. १८५३च्या वर्तमानपत्रांत फोटो छापायची सोयच नव्हती, ती आली १८८०नंतर. त्याआधी विलायतेतली सचित्र साप्ताहिकं काय करायची? इथून कोणीतरी रेखाटन बोटीने पाठवायचं, ते महिन्याभराने लंडनला पोचायचं, तिथे लाकडी ठोकळ्यावर उतरवलं जायचं. मोठं चित्र असेल तर ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे आणि कोरून झाले की जोडायचे. त्यातल्या एकाने ताडाचं झाड पाहिलेलं नसे. त्यामुळे छापील चित्रात गाडी कितीही खरी वाटली, तरी डोंगर कोणाचा आणि झाडं कोणाची हा प्रश्न उरतोच.

पोस्टमधलं दुसरं चित्र मासुंदा तलावाचं. काठचा रस्ता रिकामा, एक माणूस नाही. ओळ: 'तेव्हा गर्दी नव्हती, शांतता होती.' त्या काळच्या काचेच्या पट्टीला कित्येक सेकंद प्रकाश लागायचा. चालणारा माणूस त्यात उमटतच नसे, फार तर एखादं धुरकट भूत. रस्ता रिकामा दिसतो याचा अर्थ रस्त्यावर कोणी उभं राहिलं नाही, एवढाच. सगळे आपापल्या कामाला चालले असतील.

तिसरं चित्र तर कहर. संगणकाने रंगवलेलं ठाणे स्टेशन, खाली '१८९०', आणि डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या! देशातली पहिली विजेची गाडी १९२५ साली धावली, तीही बोरीबंदर ते कुर्ला. चौथ्या चित्राबद्दल (नवी मुंबईचं) माझा अभ्यास नाही, सोडतो.

मी इतिहासकार नाही, बँकेत होतो. तीस वर्षं चेकवरच्या सह्या तपासल्या. सही खरी की खोटी हे नुसतं सहीकडे बघून कळत नाही. चेक कुठल्या पुस्तकातला, तारीख काय, आणून कोणी दिला, त्याला घाई कसली होती, हे बघावं लागतं. जुन्या चित्राचंही तेच आहे. इतिहासकार काथ्याकूट करतात ती हीच, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपल्या तारखा तपासाव्यात.

टवाळ_तलावपाळी | रात्री १०:३१

मला तर वाटतं पहिली गाडी पूल नसताना खाडीवरून गेली. तेव्हाचे मोटरमन तसे होते.

चहा घेऊन बसलोय. चालू द्या.

कोपरीकर | रात्री ११:०५

ती पोस्ट माझी आहे.

नाव न घेता टोले मारलेत, म्हणून नाव न घेता उत्तर देतो. मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, गार्ड म्हणून निवृत्त झालो. माझे वडील जी.आय.पी.मध्ये, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत होते. ते चित्र मी कुठल्या साइटवरून ढापलेलं नाही. आमच्या घरी ते भिंतीवर आहे, मी चड्डीत असल्यापासून आहे. खाली वडिलांच्या हाताने शाईत लिहिलंय, '१६ एप्रिल १८५३'. आता तुम्ही बँकेतले, माझे वडील रेल्वेतले. गाडीबद्दल मी कोणाचं ऐकावं?

आणि खाडी खाडी काय करता? शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये काय सपाट मैदान होतं? तिथेही दलदल आणि पाणीच होतं, पहिली गाडी त्यावरूनच आली. तिथलं चित्र का नसेल?

राहिली विजेच्या तारांची गोष्ट. तो फोटो नातवाने टाकला, मी नीट बघितला नाही. ती चूक कबूल. पण एका चुकीवरून अख्खी पोस्ट खोटी ठरवायची ही खास ठाण्याची पद्धत. लोकांना आपल्या गावाचा अभिमान वाटला तर तुमचं काय जातं? तुमच्या इतिहासकारांनी आमच्यासाठी काय लिहिलंय? जे लिहिलं ते इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर, किंमत बघून माणूस दुकानातून बाहेर येतो. आम्ही निदान फुकट वाटतो.

चरईचा_चष्मा | रात्री ११:२२

काका, 'ठाण्याची खाडी' हे शब्द तुमच्या पोस्टमधले आहेत, माझे नाहीत. आता शीव म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग ठाण्याचा अभिमान शीववाल्यांना द्यावा लागेल. शिवाय तिथे रूळ भरावावरून नेले होते, अशी कमानींची रांग ठाण्याजवळचीच.

वडिलांच्या अक्षराबद्दल आदर आहे. पण वडील १८५३ला हजर नव्हते. त्यांनी ती तारीख कुठूनतरी घेतली. कुठून, हा प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

कोपरीकर | रात्री ११:२६

उद्घाटनाआधी पुलावरून चाचणीची गाडी नेतात. तुम्हाला माहीत नसेल. मार्ग मे ५४ला सुरू झाला म्हणजे त्याआधी पुलावर इंजिन चढलंच नाही, असं होत नाही.

चरईचा_चष्मा | रात्री ११:३४

हा मुद्दा बरोबर आहे. माझ्या डोक्यात आला नव्हता. म्हणजे 'मे १८५४नंतरचं' ऐवजी 'पूल उभा राहिल्यानंतरचं' म्हणायला हवं. मान्य.

पण १६ एप्रिल १८५३ तरीही नाही.

पानिपतानंतर | सोमवार, सकाळी ७:४८

दोघांनाही थोडं खाद्य देतो.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९०च्या दशकात मुंबई-पुण्यात होता. नाना फडणवीस, सवाई माधवराव यांची चित्रं त्याचीच, तीच बघून आपण नाना कसे दिसत ते ठरवतो. हा वेल्स नोव्हेंबर १७९५मध्ये वारला, कुठे? ठाण्यात. कितीजणांना माहीत आहे? वेरूळच्या लेण्यांवरची त्याची रेखाटनं मरणानंतर इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलच्या हाती गेली आणि १८०३ साली छापून आली. म्हणजे बघितलं एकाने, कोरलं दुसऱ्याने, विकलं तिसऱ्याने. वेल्सबरोबर काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट या साखळीत कुठे बसतो ते विचारायला तर दोनशे वर्षं लागली.

आणि 'फोटो खोटं बोलत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: मुंबईचा फोटोग्राफर विल्यम जॉन्सन. १८६३ला त्याचं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक आलं. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, कापायचे आणि दुसरीकडच्या देखाव्यावर चिकटवायचे. १८६३ला! एखादी मंडळी कुठल्यातरी देवळापुढे ऐटीत उभी दिसतात, त्यांनी ते देऊळ जन्मात पाहिलेलं नसेल. यावरून कोणी 'त्या काळी अमुक समाज तिथे राहत होता' असा निष्कर्ष काढला की संपलंच.

सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच घरातलं. शिवाजी महाराजांचं चित्र म्हणून भलत्याच माणसाचं चित्र घराघरांत होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणलं तेव्हा कुठे चूक सुधारली. तेव्हाही लोक म्हणाले असतीलच, आम्ही लहानपणापासून हेच बघतोय.

कोपरीकर | सकाळी ८:१०

महाराजांना मध्ये आणू नका. विषय रेल्वेचा आहे.

पानिपतानंतर | सकाळी ८:१४

विषय चुकीच्या ओळींचा आहे. आणि बेंद्र्यांनी महाराजांचा मानच राखला, भलत्याला हार घालण्यापासून वाचवलं आपल्याला.

नलिनीची_लेक | सकाळी ११:५२

स्वयंपाक आटपून वाचतेय. एवढं मोठमोठं मला कळत नाही, पण एक गोष्ट सांगते.

आमच्या आजीचा एकच फोटो आहे, लग्नानंतरचा. साल ४०-४२ असेल. खुर्चीत बसलीय, मांडीवर पुस्तक, मनगटावर घड्याळ. आमच्या घरात दंतकथा होती की आजी फार शिकलेली, आजोबांनी तिला घड्याळ घेऊन दिलं होतं. माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पात तसंच लिहिलं, 'माझी पणजी वाचनप्रिय होती'. बक्षीस मिळालं.

गेल्या वर्षी चुलत घराचं सामान आवरताना आजीच्या दोन्ही जावांचे फोटो निघाले. तीच खुर्ची, तेच पुस्तक, आणि तिघींच्या मनगटावर तेच घड्याळ! पट्ट्याला एकाच जागी खोच. घड्याळ स्टुडिओवाल्याचं होतं. आजी अंगठा उठवायची हे मग आत्याने सांगितलं, आधी कोणी विचारलंच नव्हतं.

मुलीचं बक्षीस परत केलेलं नाही. पण मला आता तो फोटो जास्त आवडतो. एक फोटो बघितला तर पणजी वाचनप्रिय. तीन शेजारी ठेवले की त्या काळी बाईने कसं दिसावं असं घरच्यांना वाटत होतं ते कळतं. ते खोटं थोडंच आहे?

चरईचा_चष्मा | दुपारी १२:१५

ताई, माझ्या अख्ख्या लेखापेक्षा हे चार ओळींत नीट आलंय. तीन फोटो शेजारी ठेवणं, याच्याइतकं सोपं हत्यार नाही.

टवाळ_तलावपाळी | दुपारी १२:२०

माझ्या आजोबांचा ताजमहालासमोर फोटो आहे. ते कसाऱ्याच्या पुढे कधी गेले नाहीत.

करावे_गावठाण | दुपारी ३:०६

चष्मेवाले साहेब, चौथं चित्र 'अभ्यास नाही' म्हणून सोडलंत. तेच बघायला हवं होतं. ठाण्याच्या पुलावर एवढा कीस पाडलात, खाडीपलीकडे आलात की चष्मा काढून ठेवला.

चौथ्या चित्रात काय आहे? विमानातून काढलेला फोटो, करडी चौकोनी जमीन, चिखल, मध्ये नाला. खाली 'नवी मुंबई, १९७० आधी: ओसाड खाजण'. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. बाजूला आताचे टॉवर. असाच एक फोटो मी एका प्रदर्शनात भिंतभर लावलेला बघितला, त्यावर 'रिकामी जागा' लिहिलं होतं. माझा आजा तेव्हा जिवंत होता, माझ्यासोबत आलेला. फोटोजवळ गेला, बोट ठेवलं आणि म्हणाला, 'हा आपला बांध. ही उघाडी. ते नानाचं आगर.' उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, आगर म्हणजे मिठागर. शेजारच्या बाई हसल्या, त्यांना वाटलं म्हातारा काहीतरी बडबडतोय.

ओसाड नाय ते. विमानातून फोटो कधी काढतात? आकाश मोकळं असतं तेव्हा, म्हणजे पावसाळा सोडून. भात कधी असतं? पावसाळ्यात. कापणी झाल्यावर शेत उघडंच दिसणार, शेताने काय शालू नेसून बसायचं? खाडीचा फोटो ओहोटीला काढला तर चिखल दिसतो. सहा तासांनी या, तिथंच होडी चालते. खाजणात निवटी, चिंबोरी, कोलंबी, घर चालायचं त्याच्यावर. ते वरून दिसत नाय. आणि बांध काय देवाने घातले? एक खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, तर अख्खा गाव रात्रीचा बांधावर असायचा, बायापोरांसकट.

फोटो खरा आहे. तारीखपण खरी असेल. तरी खोटं बोलतोय. याच्यावर बोला.

सीवूड्स_३०२ | दुपारी ४:४१

भावना समजू शकतो, पण जरा प्रॅक्टिकल बोलूया. मुंबई तुंबली होती, शहर कुठेतरी वसवायलाच हवं होतं. पूल झाला, रेल्वे आली, रुंद रस्ते आले, त्याचा फायदा गाववाल्यांनाही झाला. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळाले, चाळी बांधल्या, भाडी येतात. आता 'आमची निवटी' म्हणून किती दिवस रडायचं? मी स्वतः ९४ साली आलो तेव्हा स्टेशनबाहेर खरंच काही नव्हतं. डोळ्यांनी बघितलंय.

करावे_गावठाण | दुपारी ४:५०

तुम्ही आलात तेव्हा काही नव्हतं कारण चोवीस वर्षं आधी घेऊन ठेवलेलं. माणूस उठवून खुर्चीचा फोटो काढला आणि म्हणतात खुर्ची रिकामी होती.

साडेबारा टक्के 'मिळाले'? पंचाण्णव गावांच्या जमिनी. जानेवारी १९८४ला जासई-पागोट्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील रस्त्यावर उतरले. त्याच्यानंतर ते टक्के आले. भाडं खातो म्हणे. तुमचं ३०२ कोणाच्या वाफ्यावर उभं आहे ते विचारा एकदा.

सीवूड्स_३०२ | दुपारी ४:५८

माझं घर मी कर्ज काढून घेतलंय, कोणाचं लुबाडलेलं नाही. प्रत्येक धाग्यावर हेच. उद्या पाककृतीच्या धाग्यावरही प्रकल्पग्रस्त येतील.

करावे_गावठाण | संध्याकाळी ५:०१

येणार. कोलंबीची असेल तर नक्की येणार.

पानिपतानंतर | संध्याकाळी ५:३०

भांडण बाजूला ठेवून: १९६५ला 'मार्ग' या नियतकालिकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराचा प्रस्ताव मांडला, १९७०ला ते शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली. मुंबईचा श्वास मोकळा व्हावा ही तळमळ खरी होती, त्यांना खलनायक करायचं कारण नाही. पण करावेकर जे म्हणतात ते चित्रवाचनाचा पहिला धडा म्हणून शिकवायला हवं. ऋतू आणि भरती-ओहोटी. फोटोवर साल लिहितात, महिना कोणी लिहीत नाही. कोकणात महिना कळल्याशिवाय जमिनीचा फोटो वाचता येणार नाही.

आणि ताडून बघायला दुसरं साधन आहेच की! जुना सातबारा. पीकपाहणीच्या रकान्यात कुठल्या वर्षी काय पेरलं होतं ते तलाठ्याच्या अक्षरात असतं. फोटो म्हणतो ओसाड, सातबारा म्हणतो भात.

सीवूड्स_३०२ | संध्याकाळी ५:४४

तलाठ्याचं अक्षर पुरावा मानायचं आणि विमानातला फोटो नाही! धन्य. पीकपाहणी चावडीत बसून कशी भरायचे हे महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही?

पानिपतानंतर | संध्याकाळी ५:५२

खवचट आहे, पण खरं आहे. म्हणूनच एकट्या सातबाऱ्यावरही विसंबू नये. सातबारा, फोटो, मिठाच्या नोंदी आणि आजोबांचं बोट, चारही शेजारी ठेवा. नलूताईंच्या घड्याळासारखं.

नलिनीची_लेक | संध्याकाळी ६:१०

मी नलू नाही, नलिनीची लेक. नलिनी म्हणजे माझी आई.

सीवूड्स_३०२ | संध्याकाळी ६:३३

बरं. मान्य करतो, 'ओसाड' शब्द चुकीचा आहे. 'बिनटॉवरची' म्हणा. खूश?

एक मात्र सांगतो. शेतं होती असं मानलं तरी शहर झालंच असतं. फोटोचं वाचन बदलून जमीन परत येत नाही.

करावे_गावठाण | संध्याकाळी ६:४०

जमीन परत मागितली कोणी? आम्ही तिथं होतो एवढं लिहा म्हणतोय. आजा गेला. ते बोट आता कोण ठेवणार?

सीवूड्स_३०२ | संध्याकाळी ६:४२

पुन्हा सेंटी. गावठाणातल्या पाच-पाच मजली बांधकामांचे फोटो टाकू का? तेही वाचा जरा.

करावे_गावठाण | संध्याकाळी ६:४३

टाक. आणि तुझ्या पार्किंगमधल्या

संपादक | संध्याकाळी ६:५५

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. गावठाण, पार्किंग आणि एकमेकांच्या मातोश्री यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे जुन्या चित्रांवर बोला.

टवाळ_तलावपाळी | संध्याकाळी ६:५८

चहा संपला. दुसरा टाकलाय.

कोपरीकर | रात्री ९:२०

दिवसभर वाचतोय. बोलणार नव्हतो.

करावेकर दादा, ते चौथं चित्रपण मीच टाकलं. ओळ मी लिहिलेली नाही, आली तशी पुढे ढकलली. 'ओसाड' काढून टाकतो.

माझी आई चेंदणीची, कोळीवाड्यातली. रेल्वे आली ती कोळीवाड्याच्या मधून, एक भाग इकडे राहिला, एक तिकडे. आई माहेरी जायची तर रूळ ओलांडून. मी आयुष्यभर त्याच रुळांवर नोकरी केली, हिरवा झेंडा दाखवला, अभिमानाने केली. पण पहिल्या गाडीच्या कुठल्याच चित्रात कोळीवाडा नाही हे आज तुमचं वाचून ध्यानात आलं. साहेबलोक आहेत, हत्ती-घोडे आहेत, झेंडे आहेत. ज्यांच्या आळीतून गाडी गेली ते काय करत होते कोणास ठाऊक. बहुधा मासे सुकवत असतील आणि इंजिनाला शिव्या देत असतील.

चष्मेवाल्यांसाठी हे नाही. त्यांचं माझं अजून बाकी आहे.

चरईचा_चष्मा | रात्री ९:३३

काका, माझ्याकडूनही एक. चौथं चित्र मी सोडायला नको होतं. ठाण्याची चूक पकडायला मजा आली कारण ती मला दिसत होती. करावेकरांनी दाखवलेली मला दिसलीच नाही, आणि दिसली नाही याला मी 'अभ्यास नाही' असं गोंडस नाव दिलं.

आता एक विनंती. तुमच्या भिंतीवरच्या चित्राची फ्रेम कधी उघडलीय का? आम्ही संशयास्पद चेक आला की आधी उलटा करून बघायचो.

कोपरीकर | रात्री ९:४०

वडिलांनी लावलेली फ्रेम आहे. उघडायची नाही.

चरईचा_चष्मा | रात्री ९:४१

बरं. राहिलं.

कोपरीकर | मंगळवार, सकाळी ६:५५

पोस्टमधली ओळ बदलली आहे. आता अशी: 'ठाण्याच्या खाडीवरचा पूल, उभा राहिल्यानंतर कधीतरी. तारखेसाठी बँकेत चौकशी करावी.' सगळ्या ग्रुपांवर पुन्हा पाठवतोय. तिन्हीकडून परत येईल तुमच्याकडे, सोसा.

टवाळ_तलावपाळी | सकाळी ७:१५

काका, सत्तेचाळीस हात परत जोडले जाणार.

करावे_गावठाण | सकाळी ८:०२

काका, चेंदणीच्या जुन्या माणसांकडे फोटो असतील तर बघा. लग्नातले पण चालतील, मागे कायतरी दिसतंच. होड्या, जाळी, रूळ. महिना विचारून घ्या.

कोपरीकर | सकाळी ११:२०

मामेभावाला फोन केला आहे. त्याच्याकडे नारळी पौर्णिमेचे तीन-चार आहेत म्हणाला. महिना विचारायला नको.

फ्रेम उघडली. रात्री झोप लागली नाही, सकाळी सूनबाईने पाठीमागचे खिळे काढून दिले. वडिलांचं चित्र कॅलेंडरचं पान आहे. मागच्या बाजूला ऑगस्ट १९५३. म्हणजे रेल्वेची शंभरी झाली ते साल. १६ एप्रिल १८५३ ही तारीख त्या वर्षी गावभर लागलेली असणार, वडिलांनी ती तिथून घेतली आणि चित्राखाली लिहिली. तुम्ही जिंकलात असं समजू नका, मी स्वतः उघडली.

बाकी ऑगस्टच्या चौकोनांत पेन्सिलने दुधाचा हिशोब आहे. रोज एक शेर. चार दिवस नाही, तिथे फुली मारलीय. तेही वडिलांचंच अक्षर.